सर्व्हे : ट्रेस

सुधाकरभाऊ, परवा तुझी तेरवी झाली. पंगतीत जो तो तुझ्याबद्दल चांगलंच बोलत होता. कधी कोणाला दुखावलं नाही, असं एक जण म्हणाला. मनात काही ठेवायचा नाही, असं त्याच्या शेजारचा म्हणाला. मी पत्रावळीवर मान घालून वरणभात कालवत राहिलो, कारण हसू फुटलं असतं तर तुझ्या भावकीनं मला तिथूनच उठवलं असतं. तू दुखावलं नाहीस असा माणूस आपल्या अख्ख्या खाणीवर नव्हता. आणि मनात ठेवण्याबद्दल बोलायचं तर तुझी वही आता माझ्यासमोर उघडी आहे.

गडचांदूरच्या त्या टिनाच्या ऑफिसात मी अठ्ठ्याण्णवला लागलो तेव्हा तू तिथे चांगला मुरलेला होतास. मी नकाशे काढणारा, तू सँपलर. मशीन जमिनीत बोअर मारायचं, त्यातून चुनखडीच्या गोल कांड्या निघायच्या. त्या तू पेटीत ओळीनं मांडायचास, फोडायचास, पिशव्यांत भरून नंबर टाकायचास, आणि पिशव्या नागपूरला तपासायला जायच्या. रिपोर्ट इंग्रजीत यायचा आणि थेट साहेबांच्या टेबलावर जायचा. दगड तुझ्या हातचा, पण त्यात काय निघालं ते तुला कोणी कधी वाचून दाखवलं नाही. तुला एवढंच सांगायचे, चेक सँपल जुळलं की नाही जुळलं.

चेक सँपल म्हणजे तुझा जीव की प्राण. एकाच कांडीचे दोन तुकडे करायचे, दोन वेगवेगळ्या नंबरांच्या पिशव्यांत घालायचे आणि तपासणारा दोन्हींचं उत्तर सारखं देतो का ते पाहायचं. नाही जुळलं की तुझा दिवस सोन्याचा. हळूहळू तू माणसांवरही तेच करायला लागलास. गवळी सकाळी फिरकलाच नाही हे तू फाटकावर स्वतः पाहिलेलं असायचं, तरी कँटीनवाल्याला जाऊन विचारायचास, "दूध आजचं हाये ना?" तो "आजचंच" म्हणाला की तू फक्त "बरं" म्हणायचास. तुझं ते "बरं" मला अजून ऐकू येतं. आवाज खाली उतरायचा आणि विषय संपायचा. तो माणूस तुझ्या हिशेबी कायमचा खोटा ठरलेला असायचा आणि त्याला पत्ताही नसायचा.

माझं बारसं तू केलंस. बारा नंबरचा बोअर मी नकाशावर नाल्याच्या या बाजूला टाकला, तो हवा होता त्या बाजूला. मशीन दोन दिवस नुसत्या मातीत फिरत राहिलं. साहेब आले, मजूर जमले, मी घाम पुसत उभा. चूक कोणाची हे साहेबांनी विचारलंसुद्धा नव्हतं, त्याआधी तू बोललास. "साहेब, याच्या डोक्यात नुसता ओबी हाये. कितीबी खोल जा, दगड लागनार नाई."

ओबी म्हणजे दगडाच्या वरची माती, जी उकरून लांब फेकतात आणि जिचा पुन्हा कोणी विचार करत नाही. साहेबांसकट सगळे हसले. मला साहेबांसोबत फील्डवर जायचं होतं, तसं बोलणंही झालं होतं. ते त्या हशात वाहून गेलं आणि मी खुर्चीवरच राहिलो. त्या दिवसापासून मी वसंता नव्हतो, ओबी होतो. ड्रायव्हर ओबी म्हणायचे, चहावाला ओबीभाऊ म्हणायचा. आपला वाद तिथून सुरू झाला तो काही मिटला नाही. मी म्हणायचो, बाजूला घेऊन सांगता आलं असतं. तू म्हणायचास, "बोअर चार लोकाईसमोर चुकला ना? मंग बाजूले काऊन घेऊ?" तुझं बरोबर होतं, हेच जास्त लागायचं.

आणि तरी दुपारची सुट्टी झाली की आपण दोघं एकाच डब्यात जेवायचो. तू गावाहून आणलेली सुकी मासोळी, माझ्या घरची ज्वारीची भाकर. मग हात धुऊन कॉम्प्युटरपुढे. ते बसवायला आलेला माणूस त्यात एक खेळ विसरून गेला होता. त्याचं इंग्रजी नाव आपल्याला कधी नीट वाचता आलं नाही, आपण त्याला 'ग्रह' म्हणायचो. अंतराळात आपलं जहाज मोडून पडलेलं. ते घरी न्यायचं तर निळ्या रंगाचं एक खनिज हवं, तीस पेट्या. ते कुठल्या ग्रहावर आहे ते शोधायचं, वर घिरट्या घालून ग्रह तपासायचा, मग खाली छोटी गाडी उतरवून खोदायचं. लोखंड, तांबं, गंधक सगळीकडे मिळायचं. निळं मात्र मिळता मिळत नव्हतं.

तू खेळत नव्हतास, ड्युटी करत होतास. गाडी उतरवायच्या आधी टेबलाला हात लावून तो कपाळाला लावायचास, बोअरचा पहिला घाव घालताना करायचास तसा. मी हसलो तर म्हणालास, "जमीन कोनाचीबी असो, मागून घ्यावं." तू वैनगंगेच्या खोऱ्यातला, वडशाकडचा, तलावावर मासे धरणाऱ्या घरातला. गाडीसुद्धा तू जाळं फिरवल्यासारखी गोल गोल न्यायचास, बाहेरून आत, एक ठिपका सुटू द्यायचा नाहीस. तिसऱ्या ग्रहाला वडसा, त्या लाल तापलेल्याला सिरोंचा, अशी नावं तूच दिलीस. प्रत्येक ग्रहाची नोंद सँपलच्या वहीत, त्याच रकान्यांत: नंबर, ठिकाण, निकाल.

आता आपल्या त्या चुकीबद्दल. ग्रह तपासला की पडद्याच्या तळाशी एक ओळ यायची. बहुतेक ठिकाणी 'सर्व्हे : निल', काही ठिकाणी 'सर्व्हे : ट्रेस'. याचा अर्थ आपल्याला कोणाला विचारायची गरजच पडली नाही. ऑफिसातल्या प्रत्येक फाइलवर हेच शेरे असायचे. निल म्हणजे सर्व्हे व्हायचाय. ट्रेस म्हणजे सर्व्हे होऊन नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर उतरला, काम आटोपलं, फाइल बंद. मीच तर दिवसभर ते ट्रेस काढायचो. तेव्हा ट्रेसवाल्या ग्रहावर आपल्या आधी कोणीतरी खोदून गेलंय, हे उघड होतं. तू तर तिथे उतरायचं ऐकून घ्यायलाही तयार नव्हतास. "दुसऱ्यानं जाळं टाकलं त्या पान्यात आपन नाई उतरत." तुमच्या तलावावरचा कायदा तू अंतराळात लावलास. दीड वर्ष आपण निलवाल्या ग्रहांवर खोदत राहिलो आणि ट्रेस दिसला की मान फिरवून पुढे जायचो.

मला खरं कळलं ते रिपोर्ट टाइप करताना. टाइपिस्ट सुट्टीवर होता म्हणून काम माझ्याकडे आलं. एका रकान्यात सगळीकडे ट्रेस, ट्रेस लिहिलेलं. मी कागद घेऊन साहेबांकडे गेलो आणि म्हणालो, "साहेब, याचे नकाशे माझ्याकडे आलेच नाहीत." साहेबांना हसताना ठसका लागला. मग म्हणाले, अरे निल म्हणजे काहीच नाही, आणि ट्रेस म्हणजे अगदी किंचित. तोलता येत नाही इतकं, पण आहे. नक्की आहे.

मी दारातून बाहेर आलो. तू समोर पेटीजवळ उकिडवा बसून कांड्यांवर नंबर टाकत होतास. तीन पावलं टाकून तुला सांगायचं होतं. भाऊ, आपण दोघंही गाढव, निळं त्या ट्रेसवर आहे. तू पोट धरून हसला असतास. पण त्याच आठवड्यात माझे सासरे ऑफिसात आले होते आणि तू त्यांना फाटकावरून आत आणताना ओरडला होतास, "ओबी, तुहे पाव्हने आले!" सासऱ्यांनी घरी जाऊन बायकोला विचारलं, जावयाला ओबी काऊन म्हणतात? तिनं मला विचारलं. मी तिला खोटं काहीतरी सांगितलं. ते ताजं होतं. मी म्हटलं, आज नाही सांगत. उद्या सांगू.

तो उद्या मी येऊच दिला नाही. रविवारी ऑफिसची किल्ली माझ्याकडे असायची. खेळात तीन खाती होती, एक सुधाकर, एक वसंत, दुपारी आपण दोघं खेळायचो ते, आणि तिसरं रिकामं. मी तिसरं उघडलं आणि नाव टाकलं, इंग्रजीतली दोनच अक्षरं, ओबी. मग एकामागून एक ट्रेसवाले ग्रह. सहा रविवारांत तीस पेट्या भरल्या. जहाज घरी उतरलं, हिरवं मैदान दिसलं, बाजा वाजला, कोणाकोणाची नावं वर सरकली. मी सवयीनं डावीकडे वळून पाहिलं. तुझी खुर्ची रिकामी होती. एवढा मोठा विजय आणि सांगायला एकच माणूस, त्यालाच सांगायचं नव्हतं. मला त्या क्षणी फार एकटं वाटलं, हे आज कबूल करतो. पण सोमवारी दुपारी तू टेबलाला हात लावून कपाळाला लावलास आणि पुन्हा एका रिकाम्या ग्रहावर गाडी उतरवलीस, तेव्हा मला आत कुठेतरी गार वाटलं, हेही कबूल करतो.

एकदा तू विचारलंस, "हे तिसरं ओबी कोनाचं?"

"साहेबांचं असेल," मी म्हटलं.

"साहेब सोतःले ओबी म्हनते का?"

मी हसलो. तू हसला नाहीस. "बरं," म्हणालास. मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण मी तुझ्या बाबतीत हुशार झालो होतो ना, मला कुठलं समजतंय.

मी तुला वाईटच रंगवतो आहे असं वाटेल, म्हणून हेही लिहितो. मला हिवताप डोक्यात चढला तेव्हा चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात आठ दिवस माझ्या उशाशी कोण होतं? बायको बाळंतपणाला माहेरी. तू रजा टाकून आलास. मला पेज भरवलीस, घाण काढलीस, आणि वॉर्डातल्या प्रत्येकाला सांगितलंस, "डोक्यात चढला म्हनते ताप. डोक्यात याच्या काहीच नाई, तो तरी काय करन तिथी?" सगळा वॉर्ड हसला. मी अर्धवट शुद्धीत होतो, आणि मलाही हसू आलं. तू नसतास तर मी तिथून चालत बाहेर आलो नसतो. त्या आठ दिवसांत मी रोज ठरवायचो की बरा झालो की सांगून टाकीन. बरा झालो आणि नाही सांगितलं. तुझ्या उपकाराखाली सांगणं मला आणखीच जड गेलं.

मग तुझी छाती बिघडली. आधी खोकला, मग दम, मग पेटी उचलता येईना. तू नोकरी सोडून गावी गेलास. तिकडे खाणही आटोपत आली, ऑफिस उठलं आणि ते जुनं कॉम्प्युटर कोणालाच नको म्हणून मी घरी आणलं.

गेल्या महिन्यात वैनीचा निरोप आला, भेटून जा. चांदा फोर्टवरून गाडी धरली, वडशाला उतरलो, पुढे तुझ्या गावापर्यंत ऑटो. तू अंगणात बाजेवर होतास, पाठीला उशांचा ढीग. समोर तलाव, पाण्यात तुझा पुतण्या जाळं ओढत होता. तू इतका वाळला होतास की मला आधी बाजेवर नुसती चादरच दिसली. डोळे मात्र तसेच, पिशवीवरचा नंबर वाचणारे.

"काय रे ओबी. रडून राह्यला का?"

"नाही."

"मंग नाकात काय गेलं?"

वैनीनं चहा दिला. तू माझ्या पोरीची चौकशी केलीस, साहेबांची केलीस. दोन वाक्यं झाली की थांबायचास, श्वास गोळा करायचास. मग वैनी आत गेल्यावर एकदम म्हणालास, "वसंता."

बारा नंबरच्या बोअरनंतर पहिल्यांदा तू मला माझ्या नावानं हाक मारलीस. मी दचकलोच.

"ते ट्रेसवाले ग्रह होते ना. आपन कधी उतरलो नाई तिथी." तू थांबलास, दम घेतलास. "काय असन रे त्याईवर?"

भाऊ, तो क्षण मी रोज उगाळतो. मागायची होती ती सगळी माफी त्या एका उत्तरात मावली असती. तू नाव घेऊन विचारलं होतंस. समोर कोणी नव्हतं, कोणी हसणार नव्हतं. पण मला वाटलं, मरणाऱ्या माणसाला कशाला सांगायचं की तू सहा वर्षं रिकाम्या जमिनी उकरल्यास. मी स्वतःला दयाळू समजलो. दया नव्हती ती. तुझ्या तोंडावर 'मी तुला फसवलं' म्हणायची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर अगदी तळाशी, अजूनही, बारा नंबरचा बोअर होता.

"काही नाही भाऊ," मी म्हटलं. "झालेलं काम. कोणीतरी आधीच खोदून गेलं होतं."

तू माझ्याकडे पाहत राहिलास. पुतण्यानं पाण्यातून काहीतरी विचारलं, त्याला हातानंच थांब म्हणालास.

"बरं," म्हणालास.

तेरवीला पंगत उठल्यावर वैनीनं मला घरात बोलावलं आणि वही हातात ठेवली. तीच, सँपलची, कोपरे गेलेली. "तुमी त्या दिवशी गेले आन् त्यायनं वही मागतली," वैनी म्हणाली. "दम लागून राह्यला होता, तरी सोतःच लिवलं. म्हनले, हे वसंताले देजो." त्यात काय लिहिलंय ते तिला उमगलं नव्हतं, निम्मं इंग्रजी होतं. तिला वाटलं असेल, काहीतरी कामाचं असेल.

मी ती परतीच्या गाडीत उघडली. पुढची पानं ग्रहांची, ती मला पाठ होती. मागून उलटी केली तर मी कधी न पाहिलेलं पान. वर तुझ्या ठसठशीत अक्षरात: 'तिसरं खातं उघडून पाह्यलं. ओबीनं ट्रेसवर खोदलं. निळं भेटलं त्याले. मले सांगते का पाहू.' खाली तेच रकाने. नंबर, ठिकाण, निकाल. चेक सँपल एक, कँटीन, निल. दोन, खेळासमोर, निल. तीन, 'तिसरं ओबी कोनाचं विचारलं', निल. चार, दवाखाना चंद्रपूर, निल. मला शुद्ध आल्यावर तू सहज विचारलं होतंस, "काही सांगाचं हाये का रे?" आणि मी पाणी मागितलं होतं. असे सतरा. सतरा वेळा तू उत्तर माहीत असलेला प्रश्न माझ्यापुढे ठेवलास आणि मला कळलं नाही की तपासणी माझी चालली आहे. सतराव्याचं अक्षर वाकडंतिकडं आहे. ठिकाण, अंगण. निकाल, निल.

घरी आल्यावर मी ते कॉम्प्युटर सुरू केलं. तुझं खातं कधी उघडून पाहिलं नव्हतं, गरजच वाटली नव्हती. निळ्याच्या तीस पेट्या भरलेल्या. जहाज घराच्या दारात उभं, एक बटण दाबलं की उतरेल. म्हणजे तूही कधीतरी माझ्या पाठीमागे ट्रेसवर उतरलास, तलावाचा कायदा मोडून. आणि तरी दुपारी माझ्यासमोर रिकाम्या ग्रहांवर जाळं फिरवत बसायचास, आणि मी ते पाहून मनात गार होत बसायचो. दोन मोठी माणसं, बायकापोरांची, एका डब्यात जेवून रोज एकमेकांना अशी फसवत होती.

मला तुझा राग आला, भाऊ. फार आला. अजून आहे. मी एकदा सांगायला हवं होतं हे खरं, पण तू सतरा वेळा विचारण्याऐवजी एकदा कानाखाली वाजवली असतीस तर? चार लोकांसमोर, नेहमीसारखी? तेव्हा तुला लाज आडवी आली का, की माझ्याकडून खोटंच निघावं अशीच तुझी इच्छा होती? चेक सँपल नाही जुळलं की तू खूश व्हायचास. मी नाही जुळलो तेव्हा खूश झालास का? हे विचारायला आता मी कोणत्या अंगणात येऊ?

तुझं जहाज मी घरी नेलं नाही. ते बटण तुझं होतं, तू दाबलं नाहीस, मी कोण दाबणार. कॉम्प्युटर बंद केलं. मग पेन घेतलं आणि तुझ्या वहीत सतराव्याखाली माझ्या अक्षरात एक ओळ घातली. चेक सँपल अठरा. ठिकाणाच्या रकान्यात लिहिलं, 'सारं ट्रेसवरच होतं, भाऊ. मले माहीत होतं.'

पुढे निकालाचा रकाना आहे. तो नेहमी तूच भरायचास.